फुललं की कळेल

शिवणकाम करणारी ही बाई कुणाचं काम अंगावर ठेवणारी नव्हे. पण सासरे डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले, जाताना म्हणाले, "सूनबाई, झाडाकडे तेवढं लक्ष ठेव गं," आणि तिथेच ती फसली.

झाड कसलं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे तेव्हा एका गिऱ्हाइकाने त्यांना बी दिलं होतं. त्यांनी ते मागच्या दारी लावलं आणि झाड बघता बघता छपराच्या वर गेलं. बुंध्याला काटे, एका देठाला तीन पानं, फुलाचा मात्र पत्ता नाही. शेजारी चेष्टा करायचे. म्हातारा म्हणायचा, "फुललं की कळेल. तोवर माझे डोळे शाबूत राहू देत म्हणजे झालं."

नेमकं शाळेच्या गणवेशांचं काम आलं. मशीनवरून उठायला फुरसत नाही, झाडाला पाणी कोण घालणार? एक दिवस सहज मान वर केली, तर झाडावर औषधाला पान नाही. आपणच मारलं हे, आता कोणत्या तोंडाने सांगायचं? नवरा म्हणाला, "थांब की चार दिवस." पण मन खाऊ लागलं की माणसाला धीर कुठला! तिने माणूस बोलावून झाड पाडून घेतलं आणि ओंडके, फांद्या भिंतीशी रचून टाकल्या.

सासरे आले ते थेट मागच्या दारी.

"वादळात पडलं, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी खोडाच्या गुळगुळीत कापावरून हात फिरवला.

"त्याआधी पानं झडली होती?"

"सगळी."

"अरेरे. बी देणारा म्हणाला होता, सगळी पानं झडली की समज, आता फुलणार. तुला सांगायचंच राहिलं बघ. माझीच चूक."

त्यांनी ती चूक स्वतःवर घेतली आणि ही खाली मान घालून मशीनवर जाऊन बसली.

आठवडा गेला. एका सकाळी मागून हाक आली, "सूनबाई, कळलं गं. पांगारा!"

भिंतीशी रचलेल्या तोडक्या फांद्यांवर लालभडक फुलं आली होती. म्हातारा समोर उकिडवा बसून लहान मुलासारखा हसत होता.

"बाबा, वादळ नव्हतं आलं."

"माहितीये. नवे डोळे आहेत माझे. तू आधी फुलं बघ."

ती शेजारी बसली. पण डोळ्यांत पाणी दाटलेलं, तिला काही दिसेना.