सकाळचे सहा की संध्याकाळचे

घड्याळ कंपनीच्या दुरुस्ती विभागात तिला सगळे भिंगबाई म्हणत. एकोणतीस वर्षं ती एकाच खिडकीशी बसत आली होती आणि डोळ्याचं भिंग जेवतानाही कपाळावर सरकवलेलंच असे. तिच्या टेबलावर नामवंतांची महागडी घड्याळं येत. शर्यतीत गाड्या पळवणाऱ्यांची, टेनिसपटूंची, नटांची. पाकिटावरचं नाव तिला वाचावं लागत नसे. टेनिसपटूच्या पट्ट्यात घामाचा मळ साचलेला असे, नटाच्या पाणबुड्या घड्याळाला पाण्याचा थेंबही लागलेला नसे. "हे गडी पोहतात फक्त पोस्टरवर," एवढाच तिचा विनोद, तोही वर्षाकाठी एकदा.

त्या वर्षी तिच्याकडे एका गिर्यारोहकाचं घड्याळ आलं. त्याला कोण ओळखत नव्हतं! कंपनीच्या जाहिरातींत सात वर्षं घड्याळ घातलेला हात त्याचाच असे. चार वर्षांपूर्वी तो एका शिखरावर वादळात सापडला आणि परत आलाच नाही. यंदा बर्फ वितळलं, तेव्हा तो सापडला. घड्याळ मनगटावरच होतं. साहेबांना ते स्वच्छ करून, चालू करून दुकानातल्या काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. गिर्यारोहकाच्या आईने हो म्हटलं, पण एका अटीवर. आधी दुरुस्ती करणाऱ्या माणसाशी बोलू द्या.

आई कपडे शिवून पोट भरणारी बाई. टेबलासमोर बसली, घड्याळाला हातही न लावता म्हणाली, "हे हाताच्या हालचालीवर चालतं ना? मग हात थांबल्यावर किती वेळ चालतं?"

भिंगबाईला प्रश्न कळला. तिने तबकडीकडे पाहिलं. तारीख सतरा, वाजले होते सहा. आतलं तेल घट्ट झालं होतं, त्यामुळे त्याला खाली आणतानाही काटे हलले नव्हते.

"तुम्हाला कशासाठी हवंय?" तिने हळूच विचारलं.

"पंधरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता मला पायथ्याच्या छावणीतून फोन आला होता. शोधपथकातली सहा पोरं पुन्हा वर जायला तयार आहेत, पण वादळ फार आहे, तुम्ही सांगाल तसं करू, म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांनाही आया आहेत, म्हटलं. तेव्हा तो होता का, एवढंच मला कळायला हवं."

भिंगबाईने आठवडा मागून घेतला.

तिने त्याच जातीचं दुसरं घड्याळ पूर्ण चावी भरून घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. तिची थोरली बहीण कप्पा उघडून ओरडलीच, "मटारात घड्याळ? डोकं फिरलंय का गं तुझं?" तीनदा ठेवलं, तिन्ही वेळा ते चाळीस तासांच्या आसपास बंद पडलं. मग तिने गिर्यारोहकाचं घड्याळ उघडलं. तबकडीखालचं तारीख बदलणारं चाक दिवसातून एकदाच फिरतं. ते कुठे थांबलंय यावरून सकाळ की संध्याकाळ ते कळतं. तिने तीनदा पाहिलं. संध्याकाळ होती.

तिने बहिणीला सगळं सांगितलं. बहीण म्हणाली, "सकाळचे सहा म्हण. म्हणजे तो फोनच्या आधीच गेला, असं होईल. आत बघायला कोण येतंय? एका शब्दाने त्या माउलीचा जीव निवेल."

भिंगबाईला ते पटलं. ऑफिसला जाताना वाटभर ती मनात "सकाळचे, सकाळचे" घोकत होती.

आई आली, बसली. "किती तास?"

"चाळीस."

"सकाळचे सहा की संध्याकाळचे?"

भिंगबाईने कपाळावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "संध्याकाळचे."

आईने बोटांवर मोजायला सुरुवात केली. सतराची संध्याकाळ, सोळाची संध्याकाळ, हे चोवीस. राहिले सोळा. मापं घेताना पुटपुटावं तशी ती पुटपुटत होती. मग बोटं थांबली.

"सोळाच्या पहाटेचे दोन. म्हणजे मी नको म्हटलं तेव्हा तो होता."

"होता."

"तुमची चूक होऊ शकते?"

"तास-दोन तासांची. नऊ तासांची नाही."

आईचा चेहरा दगडासारखा झाला. आपण खोटं बोलायला हवं होतं, असं भिंगबाईला तेव्हा फार वाटलं. मग आई म्हणाली, "चार वर्षं तो रोज वेगळ्या वेळी जात होता. कधी मी फोन ठेवल्या ठेवल्या, कधी दोन-दोन दिवस हाका मारून मारून. आता एकदाच गेला."

तिने पाणी मागितलं, सगळं प्यायली. "त्या सहा जणांना हे कळता कामा नये. आज विचारलं तरी मी नकोच म्हणेन. आणि हे मी घरी नेते, चालू करू नका."

साहेबांची काचेची पेटी तयार होती. ते भिंगबाईवर चांगलेच तापले. तिने दुरुस्तीच्या कागदावर लिहिलं, 'बिघाड नाही. चावी संपली.'

आईला बसमध्ये बसवून देऊन ती संध्याकाळी घरी आली. बहिणीने दारातच विचारलं, "म्हणालीस ना सकाळ?"

"नाही."

बहिणीने कपाळाला हात लावला. पण जेवताना तिने आपल्या ताटातली अर्धी पोळी भिंगबाईच्या ताटात ठेवली.