पाय न टेकता

गोदावरीबाई हॉलंडहून परत आल्या त्याला आठ दिवस झाले, तरी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणाचा विश्वास बसेना. बाई परदेशी जाऊन आल्या यावर नव्हे हो, ते आता घरोघरी झालंय. बाई सायकल शिकून आल्या यावर. वय सदुसष्ट, तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलेला, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. कुणी "तिकडं काय काय बघितलंत?" विचारलं की बाई एवढंच सांगायच्या, "बघायचं काय, सगळं सपाट. पण बाजारात माझी मी जात होते."

त्या 'माझी मी'तच सगळं आलं. निवृत्तीनंतर बाईंचं जाणंयेणं मुलाच्या, देवदत्तच्या, स्कूटरवर होतं. तो बँकेत. मंडईत जायचं तर रविवारची वाट बघा, मैत्रिणीकडं जायचं तर "आई, आज नको गं" ऐका. जिच्या नजरेनं अख्खा वर्ग गप्प व्हायचा, ती बाई मेथीच्या जुडीसाठी मुलाच्या तोंडाकडं बघत बसायची. याचं त्यांना फार वाईट वाटे. हॉलंडात उत्रेख्त शहरात लेकीकडं सहा महिने राहिल्या, लेकीनं सायकलवर बसवलं आणि ते वाट बघणं सुटलं. इथं येऊन ते पुन्हा सुरू करायची त्यांची तयारी नव्हती.

नातीची जुनी सायकल मागच्या अंगणात गंजत पडली होती. बाईंनी ती गल्लीच्या तोंडाशी गुरुलिंगच्या सायकल दुकानात नेली.

"तेलपाणी करून देतो की बाई," तो म्हणाला, "पण देवदत्तसाहेब माझ्यावर डाफरतील बघा."

डाफरायचं काय, देवदत्तनं घर डोक्यावर घेतलं. "हे हॉलंड नाही आई, सोलापूर आहे. हाड मोडलं तर निस्तरायचं कुणी?" आई ऐकत नाही म्हटल्यावर त्यानं अट घातली. मंडईपर्यंत जाऊन यायचं, तो मागनं स्कूटरवर येणार. मंडईत उतरायचं ते सोडून, वाटेत एकदा जरी पाय टेकला तर सायकल विकायची आणि विषय बंद.

"चालेल," बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी पदर खोचून बाई निघाल्या. शेजारच्या राजाबाईसकट सगळी गल्ली दारात. मोठ्या रस्त्याला लागल्या आणि बाई ऐटीत उजव्या बाजूनं सायकल चालवू लागल्या. सहा महिन्यांची सवय, तिकडं सगळी वाहतूक उजवीकडून. समोरून रिक्षा, हातगाड्या अंगावर यायला लागल्या. पण सोलापूरकरांना त्याचं काय, उलट्या बाजूनं येणारा आपल्याकडं रोजचाच. बाजू देत गेले बिचारे. "आई, डावीकडं घे," देवदत्त मागनं ओरडत होता, पण हॉर्नच्या गोंगाटात ऐकतंय कोण. नाइलाजानं तोही उजवीकडून.

चौकात हवालदार उभा होता. पांढऱ्या केसांची बाई सायकलवर येताना बघून त्यानं रिक्षा थांबवून वाट करून दिली. मागच्या स्कूटरला मात्र बाजूला घेतलं. उलटी बाजू, डोक्यावर हेल्मेट नाही.

"अहो, ती माझी आई आहे," देवदत्त म्हणाला.

"त्यांचं काय नाय. तुमचं लायसन दाखवा."

सुटेपर्यंत पाऊण तास गेला. देवदत्त मंडई पालथी घालून आला, आई नाही. तसाच स्कूटर पळवत घर गाठलं, तर सायकल भिंतीला टेकलेली, पिशवीत मेथी आणि वांगी, आणि आई दारात वाट बघत उभी.

"कुठं होतास इतका वेळ? जिवाला घोर लावलास," बाई म्हणाल्या.

त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. मग अट आठवली. "पाय टेकला का?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं, बघायला कोण होतं? "टेकला," त्या म्हणाल्या. "चौकाच्या पुढं. मागं वळून बघितलं तर तू नव्हतास. घाबरले, उतरले. थोडी थांबले. मग म्हटलं, येईल त्याचा तो. लहान आहे का आता."

देवदत्त चहा प्यायला आणि सायकल घेऊन बाहेर पडला. बाई आत गेल्या, मेथी निवडायला बसल्या, पण हात चालेनात. अट म्हणजे अट, वर्गात त्यांनीच शिकवलेलं.

अर्ध्या तासानं सायकलची घंटी वाजली. सायकलला पुढं नवी बास्केट लावलेली.

"उद्यापासून डावीकडनं," देवदत्त म्हणाला.

"आणि तू हेल्मेट घाल," बाई म्हणाल्या.