इल्लै म्हणजे न्हाय

त्या मंगळवारी शाळेत पहिला तास संपत आला होता आणि टेबलावरचा फोन थरथरला. दत्ताचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा. दत्ता निमगाव केतकीहून एरवी कधी फोन करत नाही, रोज सकाळी फुलांचे फोटो तेवढे पाठवतो. ‘ताई, उभी हाईस का? आधी बस,’ म्हणाला आणि मी हातातला खडू खाली ठेवला. माझा मुलगा सुजित फौजेत आहे. गेले चार महिने तो निळ्या टोपीच्या शांतिसेनेबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात आहे. देशाचं नाव कुठं लिहू नकोस म्हणालाय, म्हणून लिहीत नाही. तिथं लढाई चालूच आहे. तेव्हा ‘बस’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. मग दत्ता म्हणाला, ‘तात्या गेलं. चहा पिता पिता मान टाकली.’ आणि मला... हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. सख्ख्या चुलत्याच्या मरणाची बातमी ऐकून मी सुटकेचा श्वास सोडला. लिहिताना लाज वाटते. पण तात्यांविषयी लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी, कारण या चार महिन्यांत माझ्या जिवाची जी घालमेल चालली होती, तिच्यातली अर्धी त्या माणसानं स्वतःच्या अंगावर घेतली होती.

तात्या माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. विशीच्या आत फौजेत भरती झाले, पंधरा-सोळा वर्षं काढून परत आले आणि घरच्या पानमळ्यात उतरले ते शेवटपर्यंत. निमगावात निम्मं गाव फौजेतल्या माणसाला ‘मेजर’ म्हणतं, मग तो कुठल्या का हुद्द्यावर असेना. तात्यांना कुणी मेजर म्हटलेलं चालायचं नाही. ‘म्या पानवाला हाय,’ म्हणायचे. बाजाराला जाताना मात्र इस्त्रीचा सदरा, मिशीला तेल आणि चाल अशी, की समोरून येणाऱ्यानं आपणहून बाजूला व्हावं. काकू म्हणायची, ‘परेडला निघालं.’ मळ्यात बाईमाणसांसमोर आवाज चढवायचे नाहीत, पण वेलाला पाणी देताना कुणी घाई केली की त्याची सात पिढ्यांची चौकशी व्हायची. मला सायकल त्यांनी शिकवली. मी पडले की उचलायचे नाहीत, लांब उभे राहून सांगायचे, ‘ऊठ, लोकं बघायल्यात.’

तात्या श्रीलंकेत होते, आपली शांतिसेना तिकडं गेली होती तेव्हा. मी सहावी-सातवीत असेन. त्या दिवसांतलं घरच्यांचं गप्प बसणं तेवढं मला आठवतं. ते परत आल्यावर मात्र तिकडची एक गोष्ट आमच्याकडं इतकी गाजली, की लग्नाच्या मांडवात जेवणं झाली की कुणीतरी हटकून म्हणायचंच, ‘तात्या, इळ्याचं सांगा.’ आणि तात्या सांगायचे. पलटण एका खेड्यात घरं तपासत होती. तात्यांच्या वाट्याला एका म्हातारीचं घर आलं. कुडाच्या भिंती, दारात कोंबड्या आणि परसात शेवग्यावर चढवलेला पानाचा वेल. आमच्या मळ्यात शेवग्यावरच वेल चढवतात. तात्यांना वाटलं, आपण निमगावातच आलो. त्यांनी हातवारे करून विचारलं, घरात काही हत्यार आहे का? म्हातारी हात हलवत तमिळमध्ये म्हणाली, ‘इल्लै, इल्लै.’ आमच्याकडं विळ्याला इळा म्हणतात. तात्यांना वाटलं, बाई कबूलच झाली. त्यांनी सगळं घर उलटंपालटं केलं, मडकी उतरवली, भाताचं पोतं ओतलं आणि शेवटी वळचणीत खुपसलेला विळा काढून साहेबापुढं नेऊन धरला. शेतकऱ्याच्या घरात विळा नसेल तर काय असेल! तात्यांच्या तुकडीत बेळगावकडचा बसू नावाचा जवान होता, त्याला कानडी येत असे, आणि कानडीतही ‘इल्ला’ म्हणजे नाहीच. तो पोट धरून हसला. म्हणाला, ‘अरे येड्या, ती नाही म्हणतीय. इल्लै म्हणजे नाही.’ साहेब हसला, तुकडी हसली, म्हातारीसुद्धा बोळकं उघडून हसली. इथं मांडवही हसायचा. तात्या मिशीवरून हात फिरवायचे आणि पान लावायला घ्यायचे.

गोष्ट इथं संपते असं आम्ही पस्तीसेक वर्षं धरून चाललो होतो.

सुजितची निवड झाल्याचं कळलं तेव्हा आमच्या बारामतीच्या घरात पेढे वाटले गेले. यांनी एमआयडीसीत त्यांच्या डेअरीतल्या सगळ्या पाळीला वाटले. मीही हसून घेतले आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले. परक्या देशात बंदूक घेऊन जायचं आणि म्हणायचं आम्ही तुमच्या भल्यासाठी आलोय. ते लोक काय म्हणून विश्वास ठेवतील? माझ्या गल्लीत परगावचा भाडेकरू आला तर लोक दोन महिने त्याला साखर देत नाहीत. सुजितला हे बोलले तर तो समजावणीच्या सुरात म्हणाला, ‘आई, आम्ही रस्ते दुरुस्त करतो, दवाखाना चालवतो, गुरांना इंजेक्शनं देतो. लोकांना कळतं गं.’ जाण्याआधी तात्यांच्या पाया पडायला म्हणून सुजित आणि मी निमगावला गेलो. खरं सांगायचं तर माझा कावा वेगळाच होता. तात्यांनी त्याला धीर द्यावा आणि तो ऐकता ऐकता थोडा मलाही मिळावा, एवढंच मला हवं होतं.

मळ्याच्या बांधावर सावलीत बसलो होतो. सुजितनंच विचारलं, ‘तात्या, तुमचा अनुभव काय? लोक आपल्या बाजूनं होतात का?’

तात्या हातातल्या पानाची शीर काढत बसले. मग म्हणाले, ‘इळ्याचं तुला ठावं हाय. फुडचं न्हाय ठावं.’

पुढचं त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवसानंतर म्हातारी ओळखीची झाली. गस्त तिच्या दारावरून जायची तेव्हा ती हसायची, हात जोडायची, कधी शहाळं पुढं करायची. तुकडीला वाटायचं, हे घर आपलं. सुरुवातीला गावोगावी लोकांनी हार घातले होते, नंतर दारं लागायला लागली, पण ही बाई हसते आहे ना, मग ही वाट आपली. दुसऱ्या वाटेनं जायचं तर लांब पडायचं. एका सकाळी ती अशीच हसली, हात जोडले, आणि तिच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर रस्त्यात बंडखोरांनी पुरलेला सुरुंग उडाला. बसू गेला. आणखी एक पोरगा गेला, साताऱ्याकडचा.

‘आमी मागं फिरलो, तिच्या दारात गेलो. इचारलं, तुला ठावं हुतं का? ती म्हणली, इल्लै. आता कोण हसतंय...’ तात्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. ‘माझं डोस्कं फिरलं. वळचणीला त्योच इळा हुता. म्या त्यो काढला आन् परसात जाऊन तिचा पानाचा येल बुडातनं कापला. म्या. पानमळेवाल्याच्या पोरानं. सायबानं न्हाय सांगितलं, कुणीच न्हाय.’

पानमळ्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही की वेल बुडातून कापणं म्हणजे काय. चप्पल घालून मळ्यात पाऊल टाकलं तर तात्या आम्हाला ओरडायचे.

‘मंग ती बोलली,’ तात्या म्हणाले. ‘माझ्या मागं रस्त्यापत्तर आली, छाती बडवत, तोंडाला यील ते बोलत. एक अक्षर कळलं न्हाय, पर पोरा, त्या दिशी ती पयल्यांदा माझ्याशी बोलली. त्याच्या आधी नुसती हसायची. भ्यायची म्हणून हसायची. आमी तेला माया समजलो.’

‘पण तिला माहीत होतं का, तात्या?’ मी विचारलं.

‘अजून कळलं न्हाय बाय. ठावं असंल बी. आमास्नी सांगितलं असतं तर रातीला सुरुंग पुरणारी येऊन तिला मारणार. न सांगावं तर आमी हाईच. तिनं कुणाच्या बाजूनं व्हावं? तिला आपलं घर ऱ्हावं वाटत हुतं.’

सुजितनं पुन्हा रस्त्यांचं आणि दवाखान्याचं काढलं. पोरगा हुशार आहे, मुद्दा सोडत नाही. तात्या म्हणाले, ‘आमी बी दवाखाना चालीवला. आली की लोकं. औषिद घेत्यात, रेशन घेत्यात, का न्हाय घ्यावं? तेवढ्यावरनं आपली समजू नगं. तू एक कर. तितं गेल्यावर पयला त्यांचा ‘न्हाय’ शीक. पाणी, भाकरी, रामराम मागनं. ज्या गावात तुला तोंडावर कुणी न्हाय म्हणंल, ‘जा, न्हाय देत’ म्हणंल, तितं जरा इसावा घे. तितं माणसं तुला भीत न्हाईत. जितं समदी व्हय व्हय करत्याली, तितं डोळं उघडं ठेव.’

परतीच्या एसटीत मी तात्यांवर जाम भडकले होते. निघालेल्या पोराला असलं सांगतात का? बारामतीत उतरल्या उतरल्या फोन लावून त्यांना तसं ऐकवलंही. ते शांतपणे म्हणाले, ‘मंग कवा सांगू? आल्यावर?’ मी फोन आपटला. पुढचे आठ दिवस बोलले नाही. आता त्या आठ दिवसांचं वाईट वाटतं.

सुजित गेला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, कधी पाच मिनिटं, कधी दोन. तो ठेवला की पाचव्या मिनिटाला तात्यांचा यायचा. तब्येत कशी आहे, जेवतो का, हे ते विचारायचे नाहीत, ते खातं माझं. त्यांचा प्रश्न ठरलेला, ‘कुणी न्हाय म्हणलं का त्याला?’ पहिल्यांदा मला त्याचाही राग आला. मग मीच सुजितला विचारून ठेवायला लागले. एकदा सुजितनं सांगितलं, रस्त्याच्या कामासाठी एका बाईच्या शेताच्या कडेची माती हवी होती, तर ती कंबरेवर हात ठेवून आडवी आली, सगळ्या तुकडीला झापलं आणि हाकलून दिलं. दुभाष्यालाही सोडलं नाही. मी घाबरून तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘झ्याक झालं. आज पोटभर जेव.’ आणि खरंच, त्या रविवारी मी दोन महिन्यांनी पोटभर जेवले.

महिन्याभरापूर्वी सुजितच्या तुकडीला तिथून हलवून दुसऱ्या भागात नेलं. त्याच आठवड्यात तात्या गेले. दहाव्याला निमगावला गेले तेव्हा काकूनं त्यांचा फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, ‘रयवारी हातात घिऊन सारखा लावत बसायचं. तुजा लागंस्तवर मळ्यात जायाचं न्हाईत.’ मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, ते सहज करतात.

परवाच्या रविवारी सुजितचा फोन आला. आवाज खुशीत होता. नवीन भागातली माणसं फार चांगली आहेत म्हणाला. गाडी दिसली की हात हलवतात, पाणी मागितलं तर पळत जाऊन आणतात, कुणाच्या अंगणात गाडी लावली तरी कुरकुर नाही. मी विचारलं, ‘त्यांच्या भाषेत नाही कसं म्हणतात रे?’

तो हसत म्हणाला, ‘कुणास ठाऊक. इथं अजून कुणी म्हणालंच नाही.’

फोन ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी जेवायचं ताट वाढून घेतलं आणि तशीच बसून राहिले.