नागलीच्या कणगीतल्या गोळ्या

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तरीही लिहितेय... ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

मी जव्हारहून गावोगाव फिरणारी नर्स. ज्यांचा आजार बरा होणार नाही त्यांचं दुखणं कमी करणं, जखमा धुणं, घरच्यांशी बोलणं हे माझं काम. 'आता करण्यासारखं काही नाही' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. करण्यासारखं पुष्कळ असतं.

गेल्या वर्षी खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर सोमाबाबा होते. तोंडाचा कॅन्सर, मोठ्या हॉस्पिटलने घरी पाठवलेले. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी होती, तरी बाबा गुडघे पोटाशी घेऊन कण्हत पडलेले.

"गोळ्या देताय ना?"

"देतो ना सिस्टर, टायमावर," मुलगा लक्ष्मण म्हणायचा.

शेवटी डॉक्टरांशी फोनवर बोलून डोस वाढवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्यासाठीच निघाले होते. खोडाळ्याच्या बाजारात, भर दुपारी, एका म्हातारीने माझं मनगट धरलं. हनुवटीवर गोंदण, डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली.

"गोळी वाढवू नको, बाय. नागलीच्या कणगीत ठेवल्यात त्यानं. म्हाताऱ्याला लय दुखतंय."

खांद्यावरून घसरलेली पिशवी सावरून वर बघते तर... बाई गर्दीत गेलेली.

बाबांच्या घरी पोचले ती थेट धान्याच्या कणगीपाशी. नागलीत, म्हणजे नाचणीत, कोपरापर्यंत हात घातला. फडक्यात बांधलेल्या गोळ्या — दिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त! लक्ष्मण रडायलाच लागला.

"पावसाळ्याला दाणं राखतो ना, तशा राखल्या. पुढं अजून दुखंल, तवा संपल्या तर?"

बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. मी चिडणार होते, पण कुठल्या तोंडाने? संपल्या तर पुन्हा मिळतील, हे मीच त्याला कधी नीट सांगितलं नव्हतं.

गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी बाबा भिंतीला टेकून बसले, पेज प्यायले. "तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. मी बाईचं वर्णन केलं. लक्ष्मणचा चेहराच उतरला. विळ्याने करंगळी तुटलेली त्याची आई चार वर्षांपूर्वी गेली होती.

बाबा मात्र सावकाश म्हणाले, "तिला माझं कण्हणं कधी सोसलंच नाय."

दीड महिन्याने बाबा गेले. शांतपणे, लक्ष्मणच्या मांडीवर डोकं ठेवून.

ऑफिसात म्हणतात, पाड्यावरच्या कुणीतरी सांगितलं असेल. कुणी? लक्ष्मणखेरीज कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर खोडाळ्याचे कितीतरी बाजार मी पालथे घातले, ती बाई दिसली नाही. उगाच काही बनवून मी सांगणार नाही.

पण परवा एका डॉक्टरांनी दुसऱ्या एका पेशंटबद्दल तेच वाक्य ऐकवलं... आता करण्यासारखं काही नाही. मी सोमाबाबांची सगळी गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "सर, मेलेली बाई नवऱ्यासाठी बाजारापर्यंत चालत आली. तुम्ही तर जिवंत आहात."