काउंटीतलं पहिलं मराठी घर

१९८३ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो. त्या साली माझा जो अपमान झाला तो मी माफ केलेला नाही. करणारही नाही.

मी चौथी शिकलेला, रत्नागिरीकडचा खलाशी. बोट सोडून अमेरिकेतल्या या नदीवर धान्य वाहणाऱ्या बार्जवर लागलो तेव्हा इथे पूलसुद्धा नव्हता. काठावर मक्याची कोठारं, एक चर्च, दारूचे दोन गुत्ते, संपली काउंटी. मग पूल झाला, त्याच्या खांबांचं सिमेंट मी वाहिलं. मग ट्रॅक्टरचा कारखाना आला, त्यामागून हॉस्पिटल, आणि हॉस्पिटलमागून आपली शिकलेली माणसं. त्यांत सगळ्यांत आधी आले ते डॉक्टर. पहिला हिवाळा ते माझ्या घरात राहिले, माझ्या बायकोच्या हातचं जेवले, बर्फात गाडी चालवायला माझ्याकडून शिकले.

पुढे मंडळ निघालं, डॉक्टर अध्यक्ष झाले. गणपती मात्र माझ्याच हातचा. नदीकाठची चिकणमाती आणून मी गॅरेजमध्ये मूर्ती करायचो. चतुर्थीला सकाळी डॉक्टर ती शाळेच्या हॉलमध्ये न्यायचे आणि तिथे बसवायचे.

त्या साली आदल्या संध्याकाळी त्यांनी हॉलमध्ये स्वतः लिहिलेली स्मरणिका वाचून दाखवली. 'या काउंटीत पहिलं मराठी घर आमचं.'

मी उभा राहिलो. "आणि आमचं घर काय नदीत होतं, डॉक्टर?"

"काका, तुमची बोट चुकली म्हणून तुम्ही राहिलात. त्याला सेटल होणं म्हणत नाहीत हो!"

सगळा हॉल हसला. ज्यांना मी विमानतळावरून घरी आणलं होतं, तेही हसले.

"दुरुस्त करा," मी म्हणालो.

"छापून झालंय, काका. पुढच्या वर्षी बघू. मूर्ती तेवढी नऊला तयार ठेवा."

घरी येताना बायको म्हणाली, "जाऊ द्या ना."

सकाळी पाचला अंघोळ केली. गॅरेज धुतलं, पाट मांडला, येतील तेवढे मंत्र म्हटले आणि प्रतिष्ठा मीच करून टाकली. एकदा बसवलेला गणपती विसर्जनापर्यंत जागचा हलवत नाहीत. नऊला डॉक्टर आले, गाडीत मागे गादी अंथरून.

"काका, हे काय केलंत? लोक हॉलवर येतील!"

"मग त्यांना सांगा. बूट बाहेर काढा आणि आत या, फोन किचनमध्ये आहे."

डॉक्टरांनी एकेका घराला फोन लावून माझा पत्ता सांगितला. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि शेवटचा फोन होईपर्यंत उठलो नाही.