रपट्याजवळचा दुसरा सुरुंग

बॉम्बशोधक पथकात माझ्याकडे एक लॅब्रॅडॉर कुत्री होती. पिल्लू होती तेव्हापासून मीच तिला शिकवलं. स्फोटकांचा वास आला की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गुपचूप बसायचं. बसली की रबरी चेंडू मिळायचा. तिच्या लेखी तो खेळच होता.

त्या उन्हाळ्यात गडचिरोलीच्या जंगलात कच्च्या रस्त्याने आम्ही दोघं गस्तीच्या पुढे चाललो होतो. ओढ्यावरून जाणाऱ्या रपट्याच्या, म्हणजे बुटक्या पुलाच्या, अलीकडे ती बसली. मी तिला मागे घेतलं आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं. माझ्यामागचा जवान वडशाकडचा, माझ्याहून लहान. सुरुंग निकामी करणाऱ्यांना वाट द्यावी म्हणून तो रस्त्याच्या कडेला सरकला. तिथली जमीन अजून हुंगायची राहिली होती.

स्फोटाचा आवाज मला आठवत नाही. तोंडात माती गेली, हेल्मेटवर दगड पडत राहिले. धूर विरला तेव्हा तो जवान आडवा पडलेला दिसला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. पाऊल बुटासकट पळसाच्या बुंध्याशी जाऊन पडलं होतं. मी कुत्रीचा पट्टा सोडला आणि त्याच्या मांडीला आवळून बांधला. हात कोपरापर्यंत रक्ताने माखले.

"भाऊ, माहा पाय हाये का?" त्याने विचारलं.

"नाई," मी म्हणालो. "पण तू हायेस. माह्याकडं पाह्य."

हेलिकॉप्टर उतरण्याजोगी मोकळी जागा पलीकडे धानाच्या शेतात, कोरड्या बांधीत होती, आणि तिथवरची जमीन तपासलेली नव्हती. कुत्रीच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं. मी हात पुढे करून "शोध" म्हणालो. ती थरथरत, नाक जमिनीला लावून निघाली. अर्ध्या वाटेवर पुन्हा बसली. मी चेंडू पुढे केला. तिने तोंड फिरवलं. ती जागा टाळून आम्ही त्याला उचलून नेलं. तो वाचला.

नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिच्या कानांचे दोन्ही पडदे त्या स्फोटातच फाटले होते. म्हणजे माझा शब्द तिला ऐकूच गेला नव्हता. ती फक्त हात पाहून निघाली होती.

तिला कामावरून काढलं तेव्हा मी तिला आरमोरीला घरी आणलं. मागच्या दिवाळीत तो जवान कृत्रिम पायावर चालत तिला भेटायला आला. त्याला पाहताच ती खाटेखाली शिरली आणि तिथेच तिने लघवी केली. मी तिला बाहेर काढायला वाकलो, तर त्याने माझा हात धरला.

"ओढू नोको तिले," तो म्हणाला, आणि दारातच बसून चहा प्यायला.