श्वेग्लरांनी न झाडलेला आठवडा

रविवारी स्टुटगार्टहून पाहुणे येतात. गाडीनं चाळीस मिनिटं. लिंडेनवाइलरच्या स्टेशनावर उतरतात, छातीभर श्वास घेतात आणि एकमेकांना सांगतात की बघा, याला म्हणतात शांतता. मग कारंज्यापाशी थोडा वेळ बसतात, द्राक्षमळ्यांच्या उतारावर एक फेरी मारतात, आलुबुखाऱ्याचा केक खातात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव असतो, की आपण बिचारे शहरात राबतो आणि ही मंडळी इथं नुसती शांत बसलेली असतात.

मला या गावात बाविसावं वर्ष चालू आहे. इथं नुसतं बसलेलं मी कुणालाही पाहिलेलं नाही. शांतता ही इथं करावी लागते. दुपारी साडेबारा ते अडीच भिंतीत खिळा ठोकायचा नाही. रविवारी गवत कापायचं नाही. रिकाम्या बाटल्या डब्यात टाकायच्या त्या शनिवारी अंधार पडायच्या आत, कारण काच वाजते. पाहुण्यांना जी शांतता आयती मिळते, तिच्यासाठी सारं गाव सोमवार ते शनिवार घामाघूम झालेलं असतं.

आणि या शांततेचा सगळ्यात जास्त जाच ज्याला होतो, तो माणूस आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. ऑयगेन श्वेग्लर, वय वर्षं शहात्तर. स्टुटगार्टमध्ये अडतीस वर्षं ट्राम चालवली. गाव त्यांच्या बायकोचं, म्हणून निवृत्तीनंतर इथं आले. चार वर्षांपूर्वी एल्सबेट गेली आणि श्वेग्लर राहिले. राहिले म्हणजे नुसते पत्त्यापुरते. एका जागी ते कधी राहिलेच नाहीत. दर सात मिनिटांनी थांबा सोडायची त्यांच्या अंगाला सवय. खुर्चीत बसले की सातव्या मिनिटाला उठणार, पत्रपेटी उघडून बघणार, फाटकाची कडी तपासणार, परत येऊन बसणार. जुन्या ट्रामची घंटा पायानं वाजवायची असे. त्यामुळे अजूनही खिडकीतून कुणी रस्ता तिरका ओलांडताना दिसलं, की श्वेग्लरांचा पाय टेबलाखाली आपोआप आपटतो. त्यांच्या टेबलाचा एक पाय त्यापायीच डुगडुगतो.

आमच्या इमारतीत घरं तीनच. खाली श्वेग्लर, मध्ये फेटरबाई, वर आम्ही. फेटरबाई एक्याऐंशी वर्षांच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघा कुरकुरणारा, जीभ ठणठणीत. या तीन दारांवर एक लाकडी पाटी फिरत असते. ज्या दारावर पाटी, त्या घराचा तो झाडण्याचा आठवडा. जिना, तळघराची वाट आणि दारापुढचा पदपथ त्यांनी झाडायचा. झाडायचं शनिवारी सकाळी, सगळ्या गल्लीला दिसेल असं. रविवारी पाटी पुढच्या दारावर. आमच्याकडे लोकांच्या लग्नाच्या तारखा विसरल्या जातात, पाटी विसरली जात नाही.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. पाटी फेटरबाईंच्या दारावर होती. गुरुवारी वारा सुटला आणि समोरच्या लिंडेनच्या झाडानं आपली निम्मी पानं आमच्या पदपथावर आणून टाकली. फेटरबाई ती शनिवारी नऊ वाजता झाडणार, हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक होतं. पण श्वेग्लर खिडकीत होते. पानं बघून एकदा उठले, बसले. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले ते झाडू घेऊनच बाहेर पडले आणि वीस मिनिटांत पदपथ आरशासारखा करून मोकळे झाले.

यात एवढं काय झालं, असं तुम्हाला वाटेल. शेजारणीच्या घरात शिरून तिनं निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसावं, तसं हे झालं. इथं दुसऱ्याच्या आठवड्यात झाडणं याचा एकच अर्थ होतो: बाई, तुमच्यानं आता होत नाही.

आणि दैव असं, की नेमका त्याच वेळी फेटरबाईंचा मुलगा राल्फ गाडीतून उतरत होता. राल्फ स्टुटगार्टला असतो. पंचावन्नचा आहे, आईवर माया आहे आणि मायेपोटी तो वर्षभर एकच विषय काढत होता: आईनं हे घर सोडून शहरातल्या वृद्धांच्या निवासात यावं. चांगली जागा, जिना नाही, खाली डॉक्टर. त्या दिवशी तो तिथलं रंगीत माहितीपत्रक घेऊन आला होता. एक खोली रिकामी झाली होती आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. त्यानं श्वेग्लरांना झाडताना पाहिलं, वर जाऊन आईच्या दारावरची पाटी पाहिली आणि काय समजायचं ते समजला. परत खाली आला, श्वेग्लरांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि आईसाठी आणलेली वाइनची बाटली त्यांच्याच काखेत दिली. श्वेग्लर म्हणाले, अहो त्यात काय, मी तर नेहमीच काही ना काही करत असतो.

हे "नेहमीच" फार महागात पडलं.

राल्फ वर जाऊन आईला काय म्हणाला, ते फेटरबाईंनी मला दुसऱ्या दिवशी जिन्यात सांगितलं. "म्हणतो, आई, आता तुझा आठवडाही शेजारी करतात, आणखी किती दिवस लपवशील? मी लपवते! आणि हा खालचा ट्रामवाला बाटली घेऊन उभा. साक्षीदाराचा भत्ता!"

शनिवारी नऊ वाजता त्यांनी तो स्वच्छ पदपथ तासभर झाडला. एक पान नव्हतं, तरी कोपरान् कोपरा खरवडून काढला. श्वेग्लर खिडकीतून हात हलवत होते. त्यांना वाटलं, बाई आज खुशीत दिसतात.

त्यांना कळलं ते रविवारी. दर रविवारी तीनच्या ठोक्याला त्यांच्या दाराशी फेटरबाईंकडून केकचा झाकलेला तुकडा असलेली एक निळी बशी येते. एल्सबेट गेली तेव्हापासून. त्या रविवारी तीन वाजले, सव्वातीन वाजले, बशी आली नाही. श्वेग्लर दार उघडून बघत, मिटत, उघडत. साडेतीनला ते आमच्याकडे वर आले. फेटरबाई आजारी आहेत का, म्हणून विचारायला. मी त्यांना सगळं सांगितलं. ते आमच्या खुर्चीत सात मिनिटांहून जास्त वेळ बसले, यावरून त्यांना किती लागलं ते मी ओळखलं.

"पण ती पानं होती हो," ते म्हणाले. "पानं पडलेली होती आणि मी बसलेलो होतो. दोन्ही एकदम कसं चालेल?"

ते माफी मागायला फेटरबाईंच्या दारी गेले. बाईंनी साखळी न काढता दाराच्या फटीतून सांगितलं, की या घराला अजून मालकीण आहे, आणि दार लावलं. मग श्वेग्लरांनी राल्फला फोन केला. त्याला सांगितलं की बाई ठणठणीत आहेत, शनिवारी त्या स्वतः झाडतात, माझंच हे खूळ. राल्फनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, श्वेग्लर, तुम्ही फार चांगले गृहस्थ आहात, आईची बाजू किती सांभाळून घेता. पण आता ठरलंय. शेवटच्या शनिवारी दुपारी अडीचला मी सहीचे कागद घेऊन येतोय.

फोन ठेवून श्वेग्लर तासभर इमारतीला फेऱ्या घालत होते. माणसानं पाय ओढत जावं तशी त्यांची ती चाल मी पहिल्यांदाच पाहिली. बोलून उपयोग नव्हता, करून तर वाटोळं झालं होतं. न करणं तेवढं उरलं होतं.

मधला आठवडा आमचा गेला. रविवारी पाटी श्वेग्लरांच्या दारावर आली आणि त्याच दिवशी ते आपला झाडू घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"हा तुमच्या तळघरात ठेवा आणि कुलूप लावा. मी मागितला तरी देऊ नका. रडलो तरी देऊ नका."

मी विचारलं, "आणि शनिवारी झाडणार कोण?"

"कुणीच नाही," ते म्हणाले. हे दोन शब्द उच्चारताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

तो आठवडा मी विसरणार नाही. सोमवारी पानं पडली, मंगळवारी पडली. बुधवारी जरा पाऊस लागून ती पदपथाला चिकटली, त्यांवर गुरुवारी नवी आली. श्वेग्लर खिडकीपाशी बसत, उठत, पडदा ओढत, पडद्याच्या फटीतून बघत. पाव आणायला गेले तर बेकरीवालीनं विचारलं, बरं नाही का. बरं आहे म्हणाले, तर तिनं आणखीच काळजीनं पाहिलं. शुक्रवारी पाद्रीबाई येऊन गेल्या. चौकशी वरवर तब्येतीची, नजर मात्र पानांवर. दुपारी श्वेग्लर आमच्याकडे आले आणि म्हणाले की फक्त दारापुढचा एक हात, कुणी घसरू नये म्हणून. मी म्हणाले, तळघराची किल्ली सापडत नाही. ते म्हणाले, शाब्बास, आणि निमूट खाली गेले. संध्याकाळी मी बघते, तर पाठीवर हात बांधून पदपथावर उभे राहून ते बुटाच्या टोकानं एकच पान हळूहळू गटाराकडे सरकवत होते. मला बघून दचकले आणि ते पान परत जागेवर आणून ठेवलं.

शनिवार उजाडला. नऊ वाजले, गल्लीत सगळीकडे झाडू चालू झाले, आमचा पदपथ तेवढा पिवळाजर्द पडून होता. दहा वाजले. अकरा वाजले. फेटरबाईंच्या खिडकीचा पडदा हलताना मी दोनदा पाहिला. कारण दुसऱ्याच्या आठवड्यात झाडणं पाप असलं, तरी शनिवारी न झाडलेला पदपथ सहन करणं हे फेटरबाईंच्या रक्तात नाही, आणि श्वेग्लरांनी सगळा जुगार त्यावरच लावला होता. बारा वाजले, बाई खाली आल्या नाहीत. साडेबारा. एक. अडीचला राल्फ येणार. श्वेग्लर पांढरे पडले. मला जिन्यात गाठून कुजबुजले, "जर खरंच नाही आल्या तर? तर घरही जाईल आणि वर पदपथही घाण!"

दोन वाजून दहा मिनिटांनी मधलं दार धाडकन वाजलं. विश्रांतीच्या वेळेत, हे लक्षात घ्या. फेटरबाई एप्रन बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून, हातात झाडू घेऊन उतरल्या. कुरकुरणारा गुडघा त्या दिवशी अवाक्षर बोलला नाही. बाहेर येऊन त्यांनी जी झाडायला सुरुवात केली, ती पानं काय, लिंडेनचं झाड मुळासकट जाईल असं वाटलं. ओली, चिकटलेली पानं त्यांनी टाचेनं सोडवली, ढीग केले, पोती भरली. राल्फ कोपऱ्यावरून आला तेव्हा आईचे गाल सफरचंदासारखे लाल झाले होते आणि तिसरं पोतं तोंड बांधून भिंतीशी उभं होतं.

"आई, हे काय करतेस तू?"

"बाजूला हो, त्या पानांवर उभा आहेस. आठवडा कुणाचा ते वाच जाऊन त्या दारावर." आणि मग खिडकीकडे वळून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात: "श्वेग्लर! बाहेर या! जिवंत आहात की मी तुम्हालाही झाडून नेऊ?"

श्वेग्लर सपाता घालून बाहेर आले, टोपी हातात. मान खाली.

"अडतीस वर्षं ट्राम वेळेवर चालवली म्हणता आणि आठवड्यातून एक दिवस झाडू वेळेवर चालत नाही? एक्याऐंशी वर्षांच्या बाईनं तुमचा कचरा उचलायचा?"

"विसरलो मी, फेटरबाई," श्वेग्लर म्हणाले.

गल्लीतल्या तीन खिडक्यांचे पडदे हलले. या गावात माणूस चुकीच्या बायकोचं नाव घेईल, पण झाडण्याचा आठवडा विसरलो असं चारचौघांत म्हणणार नाही. राल्फ कधी आईकडे बघे, कधी पोत्यांकडे, कधी सपातांमधल्या श्वेग्लरांकडे. हातातल्या पिशवीतले कागद त्यानं बाहेर काढलेच नाहीत. आईनं त्याच्या हातात दोन पोती दिली आणि मागच्या अंगणात ठेवून यायला सांगितलं. परत आल्यावर तो दमलेला होता. त्या नव्हत्या.

जाताना मात्र तो श्वेग्लरांच्या दाराशी थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्याकडे बघणारं कुणी आहे का हो? नाही, आईची खोली मी आता नको म्हणून कळवतोय. तिला गरज नाही, दिसतंच आहे. पण तुम्ही एकदा विचार करा." आणि ते रंगीत माहितीपत्रक त्यानं श्वेग्लरांच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला बशी आली. बशीबरोबर फेटरबाई स्वतः आल्या, कारण पाटी न्यायची होती. त्यांचा आठवडा सुरू होत होता. मला त्यांनी कॉफीला साक्षीदार म्हणून खाली बोलावलं होतं. त्या बसल्या, टेबलावर हात ठेवून बघितला. टेबल डुगडुगलं नाही. खाली वाकून पाहिलं, तर एका पायाखाली चार घड्या घातलेलं माहितीपत्रक.

श्वेग्लरांनी राल्फची बाटली आणली. बाईंनी ती बघितली, पण साक्षीदाराचा भत्ता या वेळी त्या म्हणाल्या नाहीत. पेला पुढे केला.

"काल सकाळी नऊपासून तुम्ही त्रेसष्ट वेळा खुर्चीतून उठलात," त्या म्हणाल्या. "तुमची लाकडी जमीन वाजते. माझ्या पलंगाखालीच आहे. विसरलेला माणूस त्रेसष्ट वेळा उठत नाही."

 श्वेग्लरांनी केकचा काटा उचलला, खाली ठेवला.

"मी दोनपर्यंत थांबले होते," बाई म्हणाल्या. "राल्फची गाडी किती वाजता येते ते मलाही माहीत आहे."

बाहेर वारा सुटला होता. खिडकीतून दिसत होतं, लिंडेनवर राहिलेली पानं एकेक करून पदपथावर उतरत होती. श्वेग्लरांची नजर तिकडे गेली. टेबलाखाली त्यांचा पाय आपटला. पुन्हा आपटला.

फेटरबाईंनी पाटी मांडीवर घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, "केक खा. शनिवारपर्यंत ती पानं माझी आहेत."